साथीच्या दिवसांतील नित्याचे आजार

दिनांक २५ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाबरोबर सिल्वासा शहराचेही व्यवहार थांबले. दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक होऊन त्या दिवशी पुरते दोन महिनेही झाले नव्हते. एरवी पाळ्यांच्या वेळेवर चालणारे औद्योगिक वसाहतींचे जीवन स्तब्ध झाले, वापीच्या रस्त्यावरील मालमोटारींची रीघ ओसरली, आणि जो तो आपापल्या घराचे दार लावून बसला. बाहेर एका नव्या रोगाची चर्चा होती. घरात मात्र जुनेच प्रश्न उभे होते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी संपत आली होती. सुनेला सातवा महिना लागला होता. धाकट्याची लस द्यावयाची राहिली होती. या प्रश्नांना वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जागा नव्हती, परंतु घरधन्याची झोप उडवण्यास ते पुरेसे होते.

केंद्र सरकारच्या नोंदीत या एकत्रित प्रदेशातील कोरोनाच्या रुग्णांची संख्या साडेअकरा हजारांच्या आसपास, आणि त्या रोगाने दगावलेल्यांची संख्या अवघी चार आहे. आकडा लहान आहे, आणि त्याबद्दल समाधान वाटणे साहजिक आहे. तथापि कोणत्याही साथीच्या हिशेबाला दोन रकाने असतात. पहिल्या रकान्यात साथीच्या रोगाने गेलेले लोक मांडले जातात. दुसऱ्या रकान्यात मांडावयाचे ते साथीच्या भयाने दवाखान्यात न गेलेले, वेळेवर औषध न मिळालेले, वाहन न मिळाल्यामुळे वाटेतच अडलेले लोक. हा दुसरा रकाना बहुधा कोरा राहतो. तो कोरा असतो याचा अर्थ तेथे लिहिण्यासारखे काही घडले नाही, असा मात्र नव्हे.

क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. सन २०१९ मध्ये भारतात क्षयाच्या सुमारे चोवीस लाख रुग्णांची नोंद झाली. सन २०२० मध्ये ती अठरा लाखांवर आली. क्षयासारखा चिवट रोग एका वर्षात चौथ्या हिश्श्याने कमी झाला, असे कोणताही जाणता वैद्य म्हणणार नाही. रुग्ण होतेच, ते घरी बसून खोकत होते. कित्येकांनी तर खोकला लपवला, कारण त्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाकडे शेजारी संशयाने पाहत. जो रोग लवकर ओळखला असता सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो, तो अशा रीतीने घरातील लेकराबाळांपर्यंत पोचण्यास मोकळा राहिला.

भयापोटी रोगी घरात दडवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे तो पुण्यात पोचला. सरकारने १८९७ साली साथरोगांचा कायदा केला. झडत्या सुरू झाल्या, आणि रोग्यांना घरातून उचलून नेण्यात येऊ लागले. लोकांना प्लेगाइतकीच इस्पितळाची धास्ती वाटू लागली आणि ते रोगी लपवू लागले. त्याच काळात सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्या सेवेतच रोगाची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सव्वाशे वर्षांनंतरच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा उपयोगात आणला गेला. २०२० साली त्यात एक भर पडली: आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास कडक शिक्षेची तरतूद करावी लागली. काळ बदलला, औषधे बदलली. भयाचा स्वभाव मात्र तोच राहिला.

दादरा-नगरहवेलीत या भयाला भूगोलाचीही साथ मिळते. हा मुलूख अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील लोकसंख्या ३,४३,७०९. तिच्यात निम्म्याहून अधिक आदिवासी असून वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या येथील प्रमुख जमाती होत. एका बाजूस गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या बाजूस महाराष्ट्राचा पालघर जिल्हा. दादरा हा तुकडा तर चोहोबाजूंनी गुजरातच्या हद्दीने वेढलेला आहे. तेथील माणसाला सिल्वासाच्या इस्पितळात यावयाचे तर मध्ये परक्या राज्याची जमीन ओलांडावी लागते. एरवी ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु नाक्यावर अडसर पडला की सकाळ-संध्याकाळचा रस्ता परदेशाच्या वाटेसारखा होतो. दक्षिणेकडे खानवेलच्या पलीकडे, मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी दुधनीच्या बाजूस, पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. सिल्वासाचे श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय हे तेथील माणसाचे मोठे इस्पितळ. पण एस.टी. आणि जीपगाड्या बंद पडल्या म्हणजे ते नकाशावर असते तेथेच राहते, आणि रुग्णाच्या दृष्टीने दूर जाते.

मग अशा दिवसांत सामान्य कुटुंबाने काय करावे? साथ आली म्हणून नित्याचे आजार रजेवर जात नाहीत, हे एकदा मनाशी पक्के केले म्हणजे पुढचा विचार सोपा होतो. घरातील आजारांची तीन भागांत वाटणी करावी. काही आजार घरी सांभाळता येतात. काहींना दुरून सल्ला पुरतो, मात्र औषधात खंड पडता कामा नये. आणि काहींना एक तासही थांबून चालत नाही. ही वाटणी साथ येण्यापूर्वीच ठाऊक हवी. संकट दारात आल्यावर ती शिकणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करण्यापैकीच होय.

पहिल्या भागात साधे पडसे, अंगदुखी, किरकोळ ताप आणि जुलाब येतात. साध्या तापाला विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि जरूर तर पॅरासिटामॉलची गोळी पुरते; मुलांना तिची मात्रा वजनाप्रमाणे द्यावयाची असल्याने अंदाजाने देऊ नये. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पावसाळ्यात या पट्ट्यातील प्रत्येक ताप हा साथीचाच असेल असे नाही. तो हिवतापाचा असेल, डेंग्यूचा असेल, किंवा दक्षिण गुजरातेत भातखाचरांत राबणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही असेल. डेंग्यूत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्यावे. 'कोरोनाची चाचणी नकारार्थी आली, आता चिंता नाही,' असे म्हणून स्वस्थ बसणे हीच चिंतेची गोष्ट आहे.

जुलाबाचे औषध तर प्रत्येक स्वयंपाकघरात असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे, आणि ते घोटाघोटाने पाजत राहावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. दवाखान्यात वा आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळाली तर अधिक उत्तम. लहान मुलांना तिच्याबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात; जुलाब थांबले तरी त्या पुऱ्या कराव्यात. स्तनपान किंवा जेवण बंद करू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले, तर मात्र घरगुती उपायांची वेळ संपली असे समजावे.

दुसरा भाग दीर्घकाळच्या आजारांचा. साथीत सर्वांत अधिक हेळसांड होते ती यांचीच. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, दमा, क्षय आणि सिकलसेल हे आजार बोभाटा करीत नाहीत. गोळी चार दिवस चुकली तरी बहुधा काही जाणवत नाही, आणि त्यातच धोका आहे. रक्तदाबाची गोळी सुटलेला माणस वरवर ठणठणीत दिसतो, आणि एखाद्या पहाटे त्याचा उजवा हात उचलत नाही. अपस्माराची गोळी एकाएकी बंद झाली तर झटके पूर्वीपेक्षाही जोराने येतात. क्षयाचे औषध मध्येच सुटले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा संभव असतो, आणि मग उपचार लांबतो व जड जातो. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी रक्कम २०१८ साली पाचशे रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती एक हजार झाली आहे. ती त्याच्याच ताटापर्यंत पोचते की नाही, हे घरच्यांनी पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, मग साथ असो वा नसो, थुंकी तपासूनच निकालात काढावा.

सिकलसेलबद्दल या मुलखात विशेष बोलणे प्राप्त आहे. आई-बापांकडून वारशाने येणाऱ्या या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भारतात हा रोग प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत आढळला. पुढे गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश यांच्या आदिवासी पट्ट्यांतही त्याचा प्रसार मोठा असल्याचे दिसून आले. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. अशा रुग्णाला तहान, थंडी, अतिश्रम आणि ताप ही चारही निमित्ते पुरतात. हाडांत असह्य कळा येतात. त्याने पाणी भरपूर प्यावे, अंग उबेत ठेवावे, फॉलिक ॲसिड आणि दिले असल्यास हायड्रॉक्सीयुरिया नेमाने घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णाला चढलेला ताप मात्र घरी सांभाळण्याचा ताप नव्हे; त्याला त्याच दिवशी दवाखाना दाखवला पाहिजे. सोबत त्याचे सिकलसेलचे कार्ड न्यावे, म्हणजे नव्या डॉक्टरला पहिल्यापासून शोध करावा लागत नाही.

नित्याचा आजार आणि साथीचा आजार हे दोन वेगळे शत्रू नाहीत, हे मधुमेहाने २०२१ साली दाखवून दिले. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, उद्रेक झाला. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही शेजाऱ्यांना त्याची सर्वाधिक झळ पोचली. मे २०२१ मध्ये केंद्राने हा रोग नोंदणीपात्र करण्यास राज्यांना सांगितले. ज्यांची साखर आटोक्यात नव्हती, आणि ज्यांना स्टिरॉइडे गरजेहून अधिक वा गरजेपूर्वीच दिली गेली होती, अशांना त्याने प्रामुख्याने गाठले. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा काढावा लागला. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध त्याच चिठ्ठीवर आपल्या घरी आणण्याची हौस किती महाग पडते, याचा याहून कठोर धडा क्वचितच मिळेल.

औषधात खंड पडू नये यासाठी दुरून सल्ला घेण्याची सोय आता झाली आहे. देश बंद झाला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरध्वनी व दृक्-माध्यमाद्वारे वैद्यकीय सल्ला देण्याचे अधिकृत नियम प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या विनामूल्य सल्ला मिळू लागला. आजही ती चालू आहे. परंतु यंत्र हाती आले म्हणजे काम झाले असे नव्हे. डॉक्टरला रुग्ण दिसत नसतो, म्हणून सांगणाऱ्याने नीट सांगितले पाहिजे. ताप केव्हापासून, किती चढतो. पूर्वीचे आजार कोणते. चालू गोळ्यांची नावे काय. कशाची ॲलर्जी आहे काय. स्त्री गरोदर आहे काय, एवढे कागदावर लिहून मगच फोन करावा. पाड्यावर जेथे संपर्क मिळत नाही, तेथे आशा कार्यकर्तीने ठरावीक दिवशी उपकेंद्रावर येऊन चार-पाच घरांच्या वतीने बोलावे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. वृद्ध वारली स्त्रीचे दुखणे तिच्या बोलीत ऐकून ते डॉक्टरला समजेल अशा शब्दांत पोचवणारे माणूस मध्ये असणे, हे औषधाइतकेच मोलाचे आहे. भगतावर तिची श्रद्धा असेल तर तिची टवाळी करू नये; भगताकडे जाऊन झाले तरी गोळी चुकवू नकोस, एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होते.

तिसरा भाग सर्वांत लहान, पण सर्वांत निकडीचा. छातीत दडपल्यासारखे दुखून कळ हाताकडे वा जबड्याकडे जाणे व घाम सुटणे, तोंड वाकडे होणे, एक बाजू लुळी पडणे, जीभ अडखळणे, सर्पदंश, लहान मुलाला झटके येणे, श्वास लागणे, गरोदर स्त्रीला रक्तस्राव होणे, तिचे डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा पोटातील बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी काहीही घडले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईना तर मिळेल त्या वाहनाने निघावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते. तो वेळ 'सकाळी पाहू' म्हणण्यात गेला तर परत येत नाही. सर्पदंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला आडवे न्यावे. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे या सर्व गोष्टी अपाय करतात. लावणीच्या दिवसांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे साथीचे नियम पाळीत नाहीत.

साथीचा रोग स्वतः घरात शिरला तरी याच भागणीचा उपयोग होतो. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे लहानसे यंत्र त्या दिवसांत घरोघरी आले. त्यामागील तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधून काढले, आणि साऱ्या जगाला त्या यंत्राची गरज भासत असतानाच १८ एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले. आकडा ९४ वा त्याहून वर असेल तर घरी राहून लक्ष ठेवावे. ९३ वा खाली गेला तर डॉक्टरला गाठावे. ९० च्या खाली गेला तर क्षणाचाही विलंब करू नये. बोट थंड असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, हे ध्यानात ठेवावे. आकडा चांगला असूनही दम लागत असेल, तर विश्वास दमावर ठेवावा.

प्रतिबंधक लसींचा विषय पुढे ढकलण्याचा मोह साथीत सर्वांनाच होतो. त्याचा परिणाम दोन वर्षांनी दिसला. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराने उचल खाल्ली आणि बालके दगावली. चुकलेली लस उशिरा का होईना, पण घेता येते. त्यासाठी आईने लसीकरणाचे कार्ड जपून ठेवले पाहिजे. मनाच्या दुखण्याकडेही असेच लक्ष हवे. एकाकीपणाने, बेकारीने, गेलेल्या माणसाच्या दुःखाने झोप उडालेल्यांसाठी १४४१६ हा टेली-मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे बोलण्यात कमीपणा काहीच नाही.

हे सर्व रुग्णाच्या अंगावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. सगळी माणसे, सगळ्या खाटा एकाच रोगाकडे वळवल्या तर बाकीचे रोगी जावयाचे कोठे? इस्पितळाला तापाच्या रुग्णांसाठी एक दार आणि बाळंतिणी, अपघात व नित्याचे आजार यांसाठी दुसरे दार असले पाहिजे, आणि ते दुसरे दार उघडे आहे हे गावोगाव कळले पाहिजे. दीर्घकाळच्या रुग्णांना एकदम दोन-तीन महिन्यांची औषधे देणे, हद्दीच्या नाक्यावर रुग्णाला अडवणूक न होणे, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. आधी ठरवून ठेवावे लागते. सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली आणि २५ एप्रिल २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या मुलखातील मुले-मुली येथेच डॉक्टर होऊन खानवेल-दुधनीच्या बाजूस जातील, तर पुढच्या साथीत दुसरा रकाना कोरा ठेवण्याचे कारण पडणार नाही.

१९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत, पाऊस हुकलेल्या त्या वर्षी, त्याने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या काळी जंतुनाशक गोळ्या नव्हत्या, प्राणवायूची नळकांडी घरोघरी पोचत नव्हती. जेथे कोणी पाणी पाजणारे, पेज करून देणारे, उशाशी बसणारे होते, तेथे रुग्णाला निदान तग धरण्याचा आधार होता. आज औषधे पुष्कळ आहेत, तथापि उशाशी बसणाऱ्याची गरज सरलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ केव्हा येईल हे पंचांगात पाहून कळत नाही. तेव्हा प्रत्येक घराने एक पत्र्याचा डबा वेगळा ठेवावा. त्यात चालू गोळ्यांचा महिनाभराचा साठा, जलसंजीवनीच्या पुड्या, तापमापक, जुन्या चिठ्ठ्या, लसीकरणाचे कार्ड आणि दवाखान्याचे, आशा कार्यकर्तीचे व १०८ चे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद असावा. डबा मुलांच्या हाती लागू नये, पण घरातील दोन मोठ्या माणसांना तो कोठे आहे हे ठाऊक असावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उघडून पाहावा. आजोबांच्या गोळ्यांची शेवटची पट्टी सुरू झाली असेल, तर ती संपण्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी कोणी तरी सिल्वासाच्या किंवा खानवेलच्या वाटेला लागावे.